पाचशे त्रेचाळीस निवडणुका आणि एक सरकार

४ जून २०२४ रोजी गोरेगावच्या नेस्को संकुलात मुंबई वायव्य मतदारसंघाची मतमोजणी संपत आली, तेव्हा मतदान यंत्रांतल्या मतांचा हिशेब असा होता: अमोल कीर्तिकर ४,५१,०९६ आणि रवींद्र वायकर ४,५१,०९५. नऊ लाखांच्या वर मते पडूनही दोघांमध्ये फरक एकाच मताचा. टपाली मतांत कीर्तिकरांना १,५००, तर वायकरांना १,५४९ मते होती. ती मिळवल्यावर वायकर ४८ मतांनी खासदार झाले. रद्द ठरलेल्या टपाली मतांची पुन्हा तपासणी झाली, तरी निकाल तोच राहिला. याच मतदारसंघात ‘नोटा’चे बटण दाबणारे १५ हजारांहून अधिक होते.

नियमानुसार यात काहीच वावगे नव्हते. ज्याला इतरांपेक्षा एक मत जास्त, तो निवडून येतो. मग ते मत चार लाखांच्या पुढचे असो वा चाळीस हजारांच्या. कीर्तिकरांच्या साडेचार लाख मतदारांची नोंद निवडणूक आयोगाच्या तक्त्यात झाली, पण लोकसभेत त्यांच्या मतांतून एकही जागा उभी राहिली नाही. देशभरात अशी कोट्यवधी मते असतात. मतदाराने बटण दाबल्यापासून राष्ट्रपती भवनात शपथविधी होईपर्यंत मताला मतदारसंघ, आघाडी आणि सभागृह अशी तीन वळणे घ्यावी लागतात. मतदानाच्या दिवसावर भारताने पाऊणशे वर्षे अफाट मेहनत घेतली आणि तो दिवस जगाने पाहावा असा घडवला. पुढच्या वळणांवर काय होते, हे मात्र मतदाराला बहुतेक वेळा निकाल लागून गेल्यावरच कळते. बहुपक्षीय लोकशाहीचा खरा प्रश्न तिथे आहे.

लोकसभेची निवडणूक देशाची म्हटली जात असली तरी प्रत्यक्षात ती ५४३ वेगवेगळ्या निवडणुकांची असते. पंतप्रधानाचे नाव एकाच मतदारसंघाच्या, फार तर दोन मतदारसंघांच्या यंत्रांवर असते. १९९६ सालापासून कोणालाही दोनपेक्षा अधिक जागा लढवता येत नाहीत. पक्षाला देशभरात किती टक्के मते पडली, या आकड्याला कायद्याच्या दृष्टीने सरकार बनवताना काही किंमत नाही. किंमत आहे ती किती मतदारसंघांत उमेदवार पहिला आला, याला.

त्यामुळे मते आणि जागा यांचे प्रमाण पहिल्यापासून जुळलेले नाही. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत काँग्रेसने सुमारे ४५ टक्के मतांवर ४८९ पैकी ३६४ जागा जिंकल्या. समाजवादी पक्षाला दहा टक्क्यांहून अधिक मते मिळाली, पण जागा १२. कम्युनिस्टांना त्यांच्या एक तृतीयांश मते पडली आणि जागा १६ आल्या, कारण त्यांची मते मद्रास, बंगाल अशा थोड्या भागांत एकवटलेली होती. १९८४ साली भाजपला सात टक्क्यांहून अधिक मतांवर दोन जागा मिळाल्या, तर एका राज्यापुरता असलेला तेलुगू देसम ३० जागा घेऊन प्रमुख विरोधी पक्ष बनला. २०१४ साली बहुजन समाज पक्षाला २ कोटी २९ लाख मते पडली. मतांच्या क्रमाने तो देशातला तिसरा पक्ष होता आणि लोकसभेत त्याचा एकही खासदार नव्हता. त्याच्यापेक्षा कमी मते मिळवणाऱ्या तृणमूल काँग्रेसचे ३४ आणि अण्णा द्रमुकचे ३७ खासदार दिल्लीत पोहोचले. बसपची मते उत्तरेत अनेक राज्यांत पसरलेली, या दोघांची एकेका राज्यात दाटलेली. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे: स्वतंत्र भारतात एकाही पक्षाला लोकसभेत निम्मी मते कधी मिळालेली नाहीत. १९८४ साली राजीव गांधींच्या काँग्रेसने चारशेचा पल्ला ओलांडला, तेव्हाही मते ४९ टक्क्यांच्या आसपासच होती.

हे केवळ भारतात घडते असे नाही. ज्या ब्रिटनकडून ही पद्धत आली, तिथे जुलै २०२४ मध्ये मजूर पक्षाने ३३.७ टक्के मतांवर ६५० पैकी ४११ जागा घेतल्या. रिफॉर्म पक्षाला १४ टक्क्यांहून अधिक मते पडली आणि जागा पाच.

घटनाकारांना हे ठाऊक नव्हते असे समजणे चुकीचे ठरेल. १९४९ च्या जानेवारीत मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी घटना समितीत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची सूचना मांडली. के. टी. शाह यांचाही कल तिकडेच होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विरोध केला आणि कारणे स्पष्ट सांगितली. पसंतीक्रम लिहिण्यासाठी मतदार साक्षर हवा, आणि देश तेव्हा तसा नव्हता. शिवाय सभागृहाचे तुकडे पडले तर सरकार टिकणार नाही, आणि नव्या राज्याला आधी टिकणारे सरकार हवे. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता १८ टक्क्यांच्या घरात होती, हे पाहता पहिला मुद्दा बिनतोड होता. दुसऱ्या मुद्द्याचे पुढे काय झाले, ते १९९६ ते १९९९ या वर्षांनी दाखवले.

मतदारसंघांची मापेही सारखी नाहीत. लक्षद्वीपच्या सुमारे ५८ हजार मतदारांना एक खासदार आणि तेलंगणातल्या मलकाजगिरीच्या सुमारे ३८ लाखांनाही एकच. कोणत्या राज्याला किती जागा, हे अजून १९७१ च्या जनगणनेवर ठरलेले आहे. ते १९७६ साली गोठवले गेले आणि पुढे २००१ साली घटनादुरुस्ती करून २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेलेच ठेवले गेले. कुटुंबनियोजन मनावर घेणाऱ्या राज्यांच्या जागा त्यामुळे घटू नयेत, हा हेतू होता. महाराष्ट्राच्या ४८ आणि गोव्याच्या दोन जागा याच हिशेबातल्या. राज्यांतल्या मतदारसंघांच्या सीमा मात्र २००१ च्या जनगणनेनुसार नव्याने आखल्या गेल्या आणि २००९ पासून लागू झाल्या. ५४३ पैकी ८४ जागा अनुसूचित जातींसाठी आणि ४७ जमातींसाठी राखीव आहेत. महाराष्ट्रात अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर, सोलापूर या पाच पहिल्या, तर नंदुरबार, दिंडोरी, पालघर, गडचिरोली-चिमूर या चार दुसऱ्या प्रकारच्या. सुरुवातीला राखीव जागांसाठी दुहेरी मतदारसंघ असत आणि प्रत्येक मतदाराला दोन मते असत. डॉ. आंबेडकर स्वतः १९५२ साली मुंबईच्या अशाच मतदारसंघातून समाजवाद्यांशी युती करून उभे राहिले आणि काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांच्याकडून साडेचौदा हजारांच्या आसपास मतांनी हरले. युती झाली तरी मित्रपक्षाची मते आपोआप आपल्याकडे वळतात असे नाही, हा धडा पहिल्याच निवडणुकीत मिळाला होता.

आघाडीचे गणित समजून घ्यायचे तर महाराष्ट्रातल्या लागोपाठच्या तीन निवडणुका पाहाव्यात. १९९६ साली ४८ पैकी भाजपने १८, शिवसेनेने १५ आणि काँग्रेसने १५ जागा जिंकल्या. दोनच वर्षांनी, फेब्रुवारी १९९८ मध्ये, काँग्रेसने रिपब्लिकन गटांशी समझोता केला आणि चित्र पालटले. काँग्रेस ३३, रिपब्लिकन चार, शेकाप एक; शिवसेना सहा आणि भाजप चार. ते चार रिपब्लिकन खासदार होते प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, रामदास आठवले आणि जोगेंद्र कवाडे, आणि चौघेही खुल्या मतदारसंघांतून निवडून आले. दलित नेता राखीव जागेवरूनच जिंकू शकतो, हा समज त्या एका निकालाने खोडून काढला. पुढे १९९९ च्या मे महिन्यात शरद पवारांची काँग्रेसमधून हकालपट्टी झाली, जूनमध्ये राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन झाली आणि सप्टेंबरच्या निवडणुकीत दोन्ही काँग्रेस समोरासमोर आल्या. दोघींची मते मिळून राज्यात निम्म्याहून अधिक भरली, जागा मात्र १० आणि ६ अशा सोळाच. शिवसेना-भाजपने सुमारे ३८ टक्के मतांवर २८ जागा घेतल्या. लोकसभेसोबतच विधानसभेचीही निवडणूक झाली होती. निकालानंतर काही दिवसांतच दोन्ही काँग्रेसनी मुंबईत एकत्र येऊन विलासराव देशमुखांचे सरकार बनवले.

महाराष्ट्राच्या मतदाराचे मन एवढ्या थोड्या काळात तीनदा पालटले असे मानायला फारसा आधार नाही. पालटली ती पक्षांची मांडणी. कोण कोणासोबत आहे, यावर निकाल फिरला, आणि हे ‘कोण कोणासोबत’ बंद खोलीतल्या चर्चेत ठरले.

जागावाटप म्हणजे नेमके काय, याचा चांगला नमुना २०२४ च्या सांगलीत सापडतो. महाविकास आघाडीत ही जागा उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेने घेतली आणि दोनदा महाराष्ट्र केसरी झालेले पैलवान चंद्रहार पाटील यांना उमेदवारी दिली. काँग्रेसचा हा पिढ्यानपिढ्यांचा गड. वसंतदादा पाटील यांचे नातू विशाल पाटील तयारीत होते. पक्षाकडून एबी फॉर्म आला नाही. उमेदवार कोणाचा हे ठरवणारे हे दोन कागद आहेत. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत ते निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हाती पडले नाहीत, तर पक्षात हयात घालवलेला माणूसही अपक्ष ठरतो. विशाल पाटील अपक्ष लढले, भाजपच्या संजयकाका पाटलांचा सुमारे एक लाख मतांनी पराभव केला, आणि आघाडीच्या अधिकृत उमेदवाराची अनामत जप्त झाली. काँग्रेसचे कार्यकर्ते कोणाच्या प्रचारात होते, हे सांगलीत कोणापासून लपलेले नव्हते. नेत्यांनी चुकवलेला हिशेब मतदाराने दुरुस्त केल्याची अशी उदाहरणे फार थोडी आहेत.

याची दुसरी बाजू २०१९ साली दिसली. सोलापुरात सुशीलकुमार शिंदे सुमारे १ लाख ५८ हजार मतांनी हरले आणि तिसऱ्या क्रमांकावरच्या वंचित बहुजन आघाडीच्या प्रकाश आंबेडकरांना १ लाख ७० हजार मते होती. नांदेडमध्ये अशोक चव्हाण ४० हजारांच्या आसपास मतांनी पडले आणि वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला दीड लाखाहून अधिक मते पडली. त्यावरून ‘मते खाल्ली’ अशी ओरड झाली. ही ओरड योग्य नव्हती. वंचितला मत देणारा माणूस काँग्रेसची मालमत्ता नव्हता. तो घरी बसला असता किंवा भलत्याच पक्षाकडेही गेला असता. राज्यात सुमारे सात टक्के मते मिळवूनही वंचितचा स्वतःचा एकही खासदार झाला नाही. मित्रपक्ष एमआयएमला तेवढी औरंगाबादची जागा मिळाली. दोष द्यायचा तर तो पद्धतीला द्यावा लागेल. तिसऱ्या पक्षाच्या मतदाराला ती प्रत्येक वेळी मनातला उमेदवार की जिंकू शकणारा उमेदवार, या पेचात अडकवते.

पाच वर्षांनी पारडे उलटे झाले. २०२४ साली राज्यात काँग्रेसचा समावेश असलेली महाविकास आघाडी आणि भाजपची महायुती यांच्या मतांत एका टक्क्याचाही फरक नव्हता. जागा मात्र ३० आणि १७. भाजपला २६ टक्के मतांवर नऊ, काँग्रेसला १७ टक्क्यांवर तेरा. कोण किती आणि कुठल्या जागा लढवतो, यावर हे सगळे अवलंबून असते.

मतदानाच्या दिवसाबद्दल मात्र आदरानेच लिहायला हवे. पहिल्या निवडणुकीत मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यासमोर १७ कोटींहून अधिक मतदार होते. प्रत्येक उमेदवारासाठी वेगळी पेटी लागे, आणि त्यांतल्या पुष्कळ पेट्या विक्रोळीच्या गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढीच ओळख सांगणाऱ्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे सेन यांनी यादीतून काढली. त्या वेळी हा निर्णय कठोर वाटला, पण पुढच्या यादीत स्त्रिया आपापल्या नावानिशी आल्या. २०२४ साली मतदार ९६ कोटींच्या पुढे गेले होते आणि मतदान केंद्रे दहा लाखांहून अधिक होती. मतदान सात टप्प्यांत झाले, महाराष्ट्रात पाच. गडचिरोलीत दुर्गम केंद्रांवर कर्मचारी हेलिकॉप्टरने पोहोचवावे लागले आणि नक्षलग्रस्त भागात मतदान दुपारी तीनलाच थांबवले गेले.

केंद्रावरची पहाट फार थोड्यांनी पाहिलेली असते. मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी केंद्राध्यक्ष पक्षांच्या मतदान प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घेतो. किमान ५० मते टाकली जातात, यंत्रातला आकडा आणि व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या ताडून पाहिल्या जातात, मग यंत्र कोरे करून, चिठ्ठ्या काढून घेऊन मोहोर लावली जाते. मोहोरेवर प्रतिनिधींच्याही सह्या होतात. संध्याकाळी किती मते पडली, हे नमुना १७-सी मध्ये लिहून त्याची प्रत प्रत्येक प्रतिनिधीला मिळते. मोजणीच्या दिवशी त्याच आकड्याशी यंत्राचा आकडा जुळवायचा असतो. शिवाय प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या चिठ्ठी टाकून निवडलेल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या हाताने मोजतात. महाराष्ट्रात एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रे, म्हणजे तीस केंद्रे. यंत्रांबद्दल शंका घेणाऱ्या प्रत्येक पक्षाने आधी आपल्या बूथवर सकाळी प्रतिनिधी हजर होता का आणि त्याने १७-सी जपून ठेवला का, हे पाहायला हवे. ज्या व्यवस्थेची तपासणी पक्षांच्याच हाती दिलेली आहे, तिथे माणूस न पाठवणे हा हलगर्जीपणा आहे.

मतदाराची खरी फसगत होते ती चिन्हांच्या गोंधळात. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिले. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रवादी काँग्रेसचे नाव आणि घड्याळ अजित पवारांकडे गेले. मूळ नेत्यांच्या वाट्याला मशाल आणि तुतारी वाजवणारा माणूस आला. निवडणुकीत अपक्षांसाठी असलेल्या चिन्हांत आणखी एक तुतारी होती, जिला गावोगाव पिपाणी म्हणत. साताऱ्यात उदयनराजे भोसले ३२ हजारांवर मतांनी जिंकले आणि पिपाणीवाल्या अपक्षाला ३७ हजार मते पडली. दिंडोरीत तर तेच चिन्ह आणि विजयी उमेदवाराचेच आडनाव असलेल्या अपक्षाने लाखाहून अधिक मते घेतली. पक्ष फुटल्यावर मूळ पक्ष कोणाचा, हा वाद निवडणुकीच्या तोंडावर निकालात निघतो आणि त्याची किंमत मतदार मोजतो. १९८५ च्या पक्षांतरबंदीत एक तृतीयांश सदस्य फुटले तर ती फूट मान्य होती. ती सोय २००३ साली काढून टाकली गेली; तरी पक्ष फुटायचे थांबले नाहीत.

पैशाचा विषय थोडक्यात आटोपता येतो, कारण त्यातली विसंगती उघड आहे. मोठ्या राज्यांत उमेदवाराला ९५ लाखांची, गोव्यासारख्या राज्यात ७५ लाखांची खर्चमर्यादा आहे. पक्षाला कसलीच मर्यादा नाही. निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवले. अनामत रक्कम २५ हजार रुपये आहे, आणि ती वाढण्यामागे बेळगावचाही वाटा आहे. १९९६ साली सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी तिथल्या मराठी भाषकांनी अर्जांचा पाऊस पाडला आणि एका जागेसाठी ४५६ उमेदवार उभे राहिले. आंध्रातल्या नलगोंड्यात ४८० होते. त्यानंतर अनामत ५०० वरून दहा हजारांवर नेली गेली.

निकाल लागला की तिसरे वळण येते. सरकार बनवायला कोणाला बोलवावे, याचा नियम घटनेत लिहिलेला नाही. मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असावे, एवढेच त्यात आहे. बाकीचे राष्ट्रपतींच्या विवेकावर. १९८९ साली व्यंकटरमण यांनी सर्वांत मोठा पक्ष म्हणून १९७ जागांच्या काँग्रेसला विचारले. राजीव गांधींनी नकार दिल्यावर १४३ जागांच्या जनता दलाचे विश्वनाथ प्रताप सिंह भाजप आणि डाव्यांच्या बाहेरून मिळालेल्या पाठिंब्यावर पंतप्रधान झाले. १९९६ साली शंकरदयाळ शर्मांनी तोच पायंडा पाळला, १६१ जागांच्या भाजपला बोलावले आणि वाजपेयींचे सरकार तेरा दिवसांत गेले. त्यानंतर ज्यांच्या पक्षाचे जेमतेम ४६ खासदार होते, ते देवेगौडा पंतप्रधान झाले. मतदारांपैकी कोणीही त्यांना त्या पदासाठी डोळ्यांसमोर ठेवून मत दिले नव्हते. १९९८ साली के. आर. नारायणन यांनी पद्धत बदलली आणि आधी पाठिंब्याची पत्रे मागितली. अण्णा द्रमुकच्या जयललितांच्या पत्राची वाट पाहण्यात दिल्लीचे कित्येक दिवस गेले.

आणि त्या पत्रानंतर आलेले वाजपेयींचे सरकार तेरा महिन्यांनी त्याच पाठिंब्यावाचून कोसळले. १७ एप्रिल १९९९. अण्णा द्रमुक बाहेर पडला होता आणि वाजपेयींनी विश्वासदर्शक ठराव मांडला होता. बसपने ऐन वेळी विरोधात मतदान केले. नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ यांनी पक्षादेश मोडला. ओडिशाचे मुख्यमंत्री होऊनही खासदारकीचा राजीनामा न दिलेले गिरिधर गमांग मतदानाला आले. ठरावाच्या बाजूने २६९, विरोधात २७०. सोनिया गांधींनी राष्ट्रपतींकडे २७२ सदस्यांचा दावा केला, मुलायमसिंहांनी पाठिंबा नाकारला, आणि लोकसभा विसर्जित झाली. कारगिलचे युद्ध लढले गेले तेव्हा देशात काळजीवाहू सरकार होते. ज्यांना सरकार पाडता आले त्यांना दुसरे देता आले नाही, आणि सगळ्या देशाला पुन्हा मतदानाला जावे लागले.

जर्मनीत विरोधकांना सरकार असे पाडता येत नाही. तिथे चॅन्सेलरला काढायचे तर त्याच ठरावात नवा चॅन्सेलर निवडावा लागतो. १९८२ साली हेल्मुट श्मिट जाऊन हेल्मुट कोल आले ते तसेच. मतदाराला दोन मते असतात, एक मतदारसंघातल्या उमेदवाराला आणि दुसरे पक्षाला. सभागृहात पक्षांचे बळ दुसऱ्या मतावर ठरते. पाच टक्क्यांच्या खाली राहिलेल्या पक्षाला सहसा जागा मिळत नाहीत. या पद्धतीचेही चटके आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये सारा वागेनक्नेश्ट यांचा पक्ष ४.९८ टक्क्यांवर अडकला आणि साडेनऊ हजारांच्या आसपास मतांअभावी बुंडेस्टागबाहेर राहिला. सभागृह ६३० वर मर्यादित ठेवण्याच्या नव्या नियमामुळे मतदारसंघात पहिले आलेले २३ जणही आत जाऊ शकले नाहीत. फ्रीडरिश मेर्त्स यांना चॅन्सेलरपदी निवडून येण्यासाठी ३१६ मते हवी होती, पहिल्या फेरीत ३१० पडली आणि दुसरी फेरी घ्यावी लागली. पण एक गोष्ट तिथून खरोखर शिकण्याजोगी आहे. त्या सरकारचा १४४ पानी करार आधी छापला गेला आणि सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या सदस्यांनी त्यावर मतदान करून तो मंजूर केला. भारतात १९९६ आणि २००४ साली किमान समान कार्यक्रम झाले, पण त्यांवर साध्या कार्यकर्त्याचे मत कोणी विचारले नाही.

पूर्ण प्रमाणशीर पद्धतीचे टोक नेदरलँड्समध्ये दिसते. सगळा देश एकच मतदारसंघ, १५० जागा, आणि ०.६७ टक्के मते मिळाली तरी पक्ष सभागृहात. मार्च २०२१ च्या निवडणुकीनंतर नवे सरकार यायला २९९ दिवस लागले. भारतासारख्या देशाला ते झेपणारे नाही. स्वतःचा खासदार कोण, हे इथल्या माणसाला कळले पाहिजे. रेशनपासून रेल्वेच्या थांब्यापर्यंत त्याचे काम त्याच माणसाकडे असते.

मधला मार्ग मात्र आहे, आणि तो घटनेच्या परंपरेत बसणारा आहे. न्यूझीलंडने १९९३ साली सार्वमत घेऊन ब्रिटिश पद्धत सोडली आणि १९९६ पासून मतदारसंघ अधिक पक्षयादी अशी मिश्र पद्धत स्वीकारली. १९७८ आणि १९८१ साली कमी मते मिळवणाऱ्या पक्षाचे सरकार आल्याने तिथली जनता दुखावली होती. नेपाळमध्ये १६५ सदस्य मतदारसंघांतून आणि ११० प्रमाणशीर पद्धतीने येतात. भारताच्या विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात न्या. जीवन रेड्डींच्या अध्यक्षतेखाली हेच सुचवले होते: आहेत ते मतदारसंघ तसेच ठेवावेत आणि वाढीव जागा पक्षांच्या मतांच्या प्रमाणात भराव्यात. अहवाल कपाटात गेला. पसंतीक्रम मतदाराला जमणार नाही, ही १९४९ सालची अडचण आता राहिलेली नाही. राज्यसभेची निवडणूक पसंतीक्रमानेच होते. जून २०२२ मध्ये कोल्हापूरच्या धनंजय महाडिक आणि संजय पवार यांच्यातली सहावी जागा दुसऱ्या पसंतीच्या मतांनी ठरली, तेव्हा ते गणित अख्ख्या महाराष्ट्राने रात्रभर जागून समजून घेतले. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत मतदार आजही पसंतीचे आकडे लिहितात.

यावर विचार करण्याची वेळ नजीक आहे. राज्यांच्या जागा गोठवण्याची मुदत संपल्यावर होणाऱ्या फेररचनेत उत्तरेच्या जागा वाढतील आणि आपला आवाज क्षीण होईल, ही दक्षिणेतल्या राज्यांची धास्ती खोटी नाही. २०२३ सालच्या घटनादुरुस्तीने स्त्रियांना दिलेले एक तृतीयांश आरक्षणही याच फेररचनेशी जोडलेले आहे. २०२४ साली ५४३ मध्ये ७४ स्त्रिया निवडून आल्या, यावरून त्याची निकड दिसते. सभागृह वाढवायचेच असेल, तर वाढीव जागा नव्या सीमा आखून भरायच्या की २०१४ च्या बसपसारख्या, २०१९ च्या वंचितसारख्या पक्षांच्या मतांना त्यातून वाट द्यायची, हा निर्णय त्याच वेळी घ्यावा लागेल. एकदा मतदारसंघांच्या रेषा आखून अधिसूचना निघाली की पुढची काही दशके त्यात बदल होत नाही. जागांचा मागचा आराखडा पन्नास वर्षे टिकला आहे.